सोड्याची चव आणि सात थरांची कढई

पेट्रोल पंपावर भरलेल्या कुपनाला गिफ्ट लागल्याचा फोन आला. अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये आमच्यासारखीच पंधरा-वीस जोडपी बसली होती.

फसलो ते तिथेच, म्हणून तिथला खेळ नीट सांगते. साध्या स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी आणि खायचा सोडा टाकून दहा मिनिटं खळखळा उकळला आणि चमच्याने चाखायला दिला. कडू जहर! मग त्यांच्या ‘३१६ सर्जिकल स्टील, सात थर’ भांड्यातलं पाणी दिलं, ते बरं लागलं. "मॅडम, हा धातू रोज तुमच्या पोटात जातो." झालं. ह्यांनी कार्ड काढलं, अख्ख्या सेटचे ३८,५०० रुपये. वर वाईन कूलर फुकट. आमच्याकडे वाईन म्हणजे मुलाने नाशिकहून आणलेल्या दोन बाटल्या, पण फुकट म्हटल्यावर कोण सोडतं?

माझी नणंद शाळेत विज्ञान शिकवते. तिने काचेच्या भांड्यात सोडा उकळून दिला, तोही तसाच कडू. उकळला की खायच्या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो, भांडं कोणतंही असो. हॉलमध्ये त्यांचं भांडं जेमतेम कोमट केलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

दोन महिन्यांत सेटमधल्या कढईला तांबूस डाग पडले. ती घेऊन इतवारीत एका जुन्या भांडेवाल्याकडे गेले. त्याने चुंबक लावलं. बुडाला चिकटलं, कडेला नाही. "ताई, काठापर्यंत थर असते अन् बाहेरचा थर इंडक्शन शेगडीवर चालणारा, म्हणजे चुंबक धरणारा असता, तर कडेलाही चिकटलं असतं ना जी. ही नुसती बुडाला चकती बसवली आहे." बुडाभोवतीचा जोडही दाखवला. मग आतल्या बाजूला तपासणीच्या रसायनाचा एक थेंब टाकून त्याला छोटी बॅटरी (सेल) टेकवली. थेंब लाल झाला, म्हणजे मँगनीज जास्त, २०२ चं, स्वस्त ग्रेडचं स्टील. ३१६ मध्ये निकेल किमान १० टक्के असतं, २०२ मध्ये ४ ते ६. नुसत्या चुंबकाने ग्रेड कळत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

कूलरमध्ये कॉम्प्रेसर नाहीच. मे महिन्यात स्वयंपाकघरात ४१ अंश असताना आत थर्मामीटर ठेवला, २६ दाखवलं. वाईनला १२-१३ लागतं. सध्या त्यात ताक असतं.

बिलावर नुसतं ‘किचन सेट’. ग्रेड नाही, जीएसटी नंबर नाही, आणि दिलेला फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, मुदत २ वर्षांची, म्हणून तिथलेही कागद जमवतेय. स्टीलचं भांडं घेताना आयएसआय खुणेसोबत आयएस १४७५६ हा आकडा बघा आणि ग्रेड बिलावर लिहून मागा. तो लिहायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर भांडं तिथेच ठेवून या.

परवा त्याच पंपावर कुपनांचा तोच डबा दिसला. ह्यांनी पेट्रोल न भरताच गाडी पुढे काढली.