ठाण्यात पीएच.डी.चा प्रबंध बांधून घ्यायचा असेल तर

गोखले रोडवरून नौपाड्याच्या आतल्या बाजूला वळलं की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं एक दुकान आहे. नाव मुद्दाम देत नाही. मालकांनी तशी विनंती केली आहे, कारण आहे तेवढंच काम त्यांना आवरत नाही. प्रबंध सादर करायच्या खटपटीत असलेल्यांना तसंही ते कुणाकडून तरी कळतंच. मला एका सहकारी मैत्रिणीने सांगितलं. तिच्या प्रबंधाची पानं दुसऱ्या एका दुकानाच्या बाइंडिंगमधून ऐन मौखिक परीक्षेत सुटी झाली होती. परीक्षकांनी पान उलटलं आणि ते हातातच आलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. माझा प्रबंध ठाण्याच्या खाडीकाठी मासळी विकणाऱ्या बायकांवर आहे, बहुतेक मुलाखती चेंदणी कोळीवाड्यातल्या. म्हणजे दुकानाचं हे परीक्षण प्रबंध बांधून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं आहे. पण या दुकानाने बाइंडिंगच्या पुढे जाऊन जे करून दिलं, त्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

आधी बाइंडिंग. इथे पानांच्या कडांना नुसता डिंक लावून पुठ्ठ्यात चिकटवत नाहीत. आधी शिवण घालतात, मग पाठीवर कापड, मग पुठ्ठा, वर रेक्झिन. खळ अजून दुकानातच शिजवतात आणि तिच्यात मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. डावीकडचा समास दीड इंच सोडला आहे का, हे प्रिंट काढण्याआधीच विचारतात. सोडला नसेल तर शिवणीत ओळींची सुरुवात गडप होते. पाठीवर नाव, विषय आणि वर्ष सोनेरी अक्षरांत सरळ रेषेत येतं. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ग्रंथालयाच्या फडताळात पुस्तकाची फक्त पाठच दिसते.

टायपिंगची खरी परीक्षा मराठी प्रबंधाची असते. माझी पहिली तीन प्रकरणं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली होती आणि उरलेली युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमधला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच अक्षरं असतात. तशा फाइलची पीडीएफ केली की तिच्यात ‘निवटी’ शोधा नाहीतर ‘जिताडा’, एकाही माशाचं नाव सापडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांमुळे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं आलं. त्या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर जातात आणि कुणालाही फुकट वाचता येतात. तिथे आज देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. एवढ्या ढिगात ज्याचा मजकूर शोधता येत नाही, तो प्रबंध असून नसल्यासारखा. दुकानात टायपिंग करणाऱ्या ताईंनी माझी तिन्ही प्रकरणं युनिकोडमध्ये आणली आणि मग ओळीओळीने तपासली. रूपांतरात रफार सरकतात, ‘किनाऱ्यावर’चं ‘किनार्यावर’ होतं, जोडाक्षरं फुटतात. त्यांनी एकही सोडलं नाही. इतकी काळजी मी छापील पुस्तकांतही क्वचित पाहिली आहे.

दुकानात आणखी एक गोष्ट ठळक दिसते. दारातच पाटी आहे: ‘आम्ही टायपिंग करतो, प्रबंध लिहून देत नाही.’ मी बसलेली असताना एक जण साम्याची टक्केवारी, म्हणजे मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो तो आकडा, ‘खाली आणून’ मागायला आला होता. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही आणि ६०च्या वर नोंदणीच रद्द होते. मजकुराचं चित्र करून टाकायचं, शब्द उगाच फिरवायचे, असल्या युक्त्या करून देणारे लोक आहेत. मालक काकांनी त्या माणसाला चहा पाजला आणि काम नाकारलं. मार्गदर्शकांकडे जा, कुठून घेतलंय ते नीट नोंदवा, मग या, असं सांगितलं. हे काम घेतलं असतं तर दुप्पट पैसे मिळाले असते. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता मुख्य गोष्ट. प्रबंध बांधून झाला आणि मी एक प्रत घेऊन कोळीवाड्यात गेले. ज्या मावशींनी मला पहाटे बाजारात बरोबर नेलं, बर्फाचा आणि टेम्पोचा हिशेब समजावला, नवऱ्याच्या आजारपणात अंगावरचं सोनं कसं गहाण पडलं ते सांगितलं, त्यांच्या हातात ती दिली. त्यांनी वजन करून पाहिल्यासारखी तोलली, दोन-चार पानं उलटली आणि परत दिली. यात आमचं कुठे आहे, असं विचारलं. ३४० पानांत त्यांचंच तर होतं. पण ते सैद्धांतिक चौकटीच्या, पूर्वसंशोधनाच्या आढाव्याच्या आणि तक्त्यांच्या आड होतं. शोधगंगेवर हा प्रबंध सगळ्यांना खुला असेल, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? मोबाइलवर ३४० पानांची पीडीएफ त्या कधी उघडणार?

दुकानात हे सांगितलं तेव्हा काकांनी कपाटातून पातळ पुस्तिका काढून दाखवल्या. आधीच्या काही विद्यार्थ्यांनी करून घेतलेल्या. प्रबंधाचा गाभा, साध्या मराठीत, मोठ्या टाइपात, ए-फाइव्ह आकारात, मधोमध पिना मारलेला. याला ते ‘गावची प्रत’ म्हणतात. पाच प्रती विद्यापीठाच्या, तर काही प्रती ज्यांच्याकडून माहिती आणली त्यांच्या, असा त्यांचा सरळ हिशेब. सक्ती नाही, पण विचारल्याशिवाय ते कुणाला सोडत नाहीत.

पानं चारच्या पटीत यावी लागतात, म्हणून माझी पुस्तिका २८ पानांची झाली. ती लिहायला मला प्रबंधाच्या एखाद्या प्रकरणापेक्षा जास्त त्रास पडला. प्रबंधात मी एक दावा चार संदर्भांच्या आधाराने उभा करू शकत होते. इथे तोच दावा ज्या बाईबद्दल आहे तिच्यासमोर उभा करायचा होता. पहिल्या मसुद्यात एका मावशींची हकिगत होती, नाव अर्थातच बदललेलं. टायपिंग करणाऱ्या ताई कळव्याच्या, त्यांची मावशी चेंदणीत. त्या तिथेच थांबल्या. अमुक वयाची बाई, दोन मुली, जिताडा आणि चिंबोरी विकणारी, हात मोडलेला. मॅडम, अख्ख्या कोळीवाड्याला कळेल ही कोण ते, म्हणाल्या. विद्यापीठातल्या वाचकासाठी नाव बदललं की पुरतं. शेजारणीसाठी ते पुरत नाही. मग आम्ही तीन बायकांच्या हकिगती मिळून एक केली, कर्जाचे आकडे काढले आणि प्रत्येकीला तिचा भाग वाचून दाखवून होकार घेतला. एकीने तिचा परिच्छेद काढायला सांगितला, तो काढला. गोपनीयतेचा संमतिपत्रातला मजकूर मी वर्गात शिकवते. तो प्रत्यक्षात कुठवर जातो हे मला नौपाड्यातल्या एका टायपिंग टेबलावर दिसलं.

पुस्तिका कोळीवाड्यात वाचली गेली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी इतरांना वाचून दाखवली. ठाण्याची खाडी २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हे मी दोन ओळींत लिहिलं होतं. त्यावरच सर्वांत जास्त बोलणं झालं. पक्ष्यांसाठी खाडी जपतात तर आमच्या निवट्यांसाठीही तीच खाडी आहे ना, पाणी बिघडलं की आधी आमच्या टोपलीत कळतं, असं एका आजींनी ठासून सांगितलं. बाजारात बसायला ओटा, नळ आणि स्वच्छतागृह नाही याबद्दलचं पान बायकांनी वेगळं झेरॉक्स करून आपल्या अर्जाला जोडलं. माझ्या निष्कर्षाच्या प्रकरणात नेमकं हेच होतं, पण ते अर्जाला जोडता येण्याजोगं नव्हतं.

संशोधनाचा समाजाला उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेकदा संशोधकाला हिणवायला विचारतात. मला तो प्रामाणिकपणे विचारावासा वाटतो, कारण उत्तरं आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्यामागे हे काम आहे. तिथे प्रश्न गावातून आला, काम गावातल्या बायकांनी केलं आणि फळ गावात परत गेलं. प्रत्येक प्रबंधाकडून एवढी अपेक्षा कुणी करू नये. माझ्या प्रबंधाने कुणाचा जीव वाचणार नाही. पण ज्यांचा वेळ घेतला त्यांना काय सापडलं ते कळवणं, एवढं तरी प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

शिवाय पैसा सगळ्यांचाच लागलेला असतो. आंतरराष्ट्रीय नियतकालिकं वाचायला मिळावीत म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली, आणि ती हवीच होती. पण चेंदणीतल्या बाईबद्दल त्या नियतकालिकांत काही छापून आलं तर ते तिच्यापर्यंत त्या वाटेने पोचणार नाही. तिच्यापर्यंत पोचली ती पिना मारलेली २८ पानं. आयोगाच्या २०२२च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. त्यातून वाचलेल्या वेळातला थोडा अशा पुस्तिकेला द्यावा, असं मी माझ्या ओळखीतल्या प्रत्येक शोधछात्राला सांगते.

दुकानाच्या भिंतीवर आणखी एक उपक्रम आहे, आणि त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. विद्यार्थ्यांनी एका पानात मराठीत लिहून दिलेले प्रबंधांचे सारांश तिथे लावलेले असतात. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेले लोक उभ्याने वाचतात. घरकाम करणाऱ्या बायकांच्या गुडघेदुखीवरचं पान एका बाईंनी झेरॉक्स करून नेताना मी पाहिलं. फार चांगली कल्पना. पण काही पानांत ‘सिद्ध झाले आहे’ असं सरसकट लिहिलेलं असतं आणि अभ्यास किती लोकांवर, कुठे, कधी झाला याचा पत्ता नसतो. आरोग्याच्या विषयात हे धोक्याचं आहे. वाचणारा विश्वासाने वाचतो, त्याला परीक्षक भेटणार नसतो. मी काकांना सुचवलं की प्रत्येक पानावर वर्ष, विद्यापीठ, अभ्यासात किती जण होते आणि यातून काय सांगता येत नाही, अशा चार ओळी हव्याच. त्यांनी ऐकून घेतलं. नव्या पानांवर वर्ष आणि विद्यापीठ आलं आहे, बाकीचं अजून नाही.

इतर उणिवाही सांगते. जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी कुणाला तरी पाठवावं. इंग्रजी प्रबंधाचं मुद्रितशोधन इथे होत नाही, ते स्वतः करून न्या. आलेख आणि नकाशे यांच्या मांडणीत दुकान कमी पडतं. माझा खाडीचा नकाशा मला दुसरीकडून करून घ्यावा लागला. दिलेली तारीख पाळतात, पण फोन क्वचितच उचलतात.

दर असे: १०० जीएसएम कागदावर काळी-पांढरी प्रिंट पानाला २ रुपये, रंगीत १० रुपये, शिवणीचं रेक्झिन बाइंडिंग सोनेरी अक्षरांसह प्रतीला ३५० रुपये. युनिकोड रूपांतर आणि तपासणी पानाला १५ रुपये. पुस्तिका मला प्रतीला २२ रुपयांना पडली, मुखपृष्ठासकट. दीडशे प्रती काढल्या. त्यातली एक मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात देणार आहे. १८९३पासून शहराची पुस्तकं सांभाळणारी ती संस्था आहे, तिथे ती वाचकाच्या हाती लागायची शक्यता जास्त.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण भिंतीवरच्या त्या पानांसाठी राखून ठेवला आहे. जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा आणि दिवाळीआधीचे दिवस टाळा, तेव्हा तिथे प्रबंधांना जागा नसते. पुस्तिका काढायची असेल तर टायपिंगच्या ताईंना मसुदा आधी वाचायला द्या आणि त्यासाठी आठवडाभर तरी हाताशी ठेवा.