लिंबूसत्व: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एका वॉशिंग मशीननंतरचं मत

कंपनीच्या माणसाने वॉशिंग मशीनच्या ड्रमसाठी दिलेल्या पुडीच्या मागे, भिंग लावून वाचावं इतक्या बारीक अक्षरात घटक छापले होते. घटक एकच, सायट्रिक ॲसिड. म्हणजे लिंबूसत्व, ढोकळ्यात घालतो ते. 100 ग्रॅमचे 160 रुपये, वर व्हिजिटचे 450 आणि त्यावर जीएसटी. हा रिव्ह्यू त्या बिलापासून सुरू होतोय, त्यामुळे सूर जरा तिरका लागला तर चालवून घ्या.

आमच्याकडे पाणी टँकरचं, नाहीतर बोअरचं. पुण्यात वाघोलीकडच्या लोकांना यापुढे काही सांगायला नको. बादल्यांना पांढरी कडी, काचेच्या ग्लासांवर ठिपके आणि आठवड्यात अंधूक होणारे नळ. मशीन फ्रंट लोड, चौथं वर्ष. टॉवेल धुऊन वाळले तरी कुबट वास यायचा आणि पाणी सोडताना मशीन अडायचं. आलेल्या माणसाने दार उघडून आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, पाणी खराब आहे. दर महिन्याला ही पावडर टाका." मी विचारलं, दादा, हेच किराणा दुकानातलं घेतलं तर? तर म्हणे वॉरंटी जाईल. वॉरंटी संपून दोन वर्षं झाली होती! कस्टमर केअरला म्हटलं, बाहेरचं लिंबूसत्व चालत नाही हे मला लेखी द्या. लेखी काही आलं नाही, 'आपली तक्रार निवारण झाली आहे' असा मेसेज मात्र दहा मिनिटांत आला.

मग मीही हट्टाला पेटले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडे 100 ग्रॅमची पुडी 40 रुपयांना मिळाली. नंतर रविवार पेठेतून किलोची पिशवी सव्वादोनशेला आणली. म्हणजे कंपनीच्या 160 रुपयांचा माल मला साडेबावीस रुपयांना पडतो. हे गणित मी घरात इतक्यांदा बोलून दाखवलंय की मुलगी आता कानावर हात ठेवते.

आधी जिथे ते खरंच चालतं तिथलं सांगते. नळ आणि शॉवर. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवायचं, जुन्या बनियनचं फडकं त्यात भिजवून नळाभोवती गुंडाळायचं आणि अर्ध्या तासाने काढायचं. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. हा पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचाच तो आवाज. आमच्या बेसिनच्या नळाच्या मुळाशी चुन्याचा असा कठडा तयार झाला होता की तो नळाचाच भाग आहे असं मी धरून चालले होते. दुसऱ्या खेपेला तो नखाने उचलून आला आणि खाली चकचकीत क्रोम निघालं. शॉवरला हेच आंबट पाणी भरलेली पिशवी रबरबँडने बांधली, बंद पडलेली भोकं उघडली. फक्त रात्रभर ठेवायचा मोह नको, क्रोमचा मुलामा खराब होतो.

व्हिनेगरनेही हे होतं, पण बाजारातलं व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचं असतं आणि बाथरूमला दिवसभर चायनीजच्या गाडीचा वास येत राहतो. ताजं लिंबू चोळायला सांगणाऱ्यांनी एप्रिलमध्ये मंडईत एक चक्कर मारून यावी.

आता मुख्य तक्रार. पॅकिंग. लिंबूसत्व विकणाऱ्या तमाम जगाने हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. ही पावडर हवेतलं पाणी ओढते. आणि ती विकतात कशात, तर मेणबत्तीवर तोंड चिकटवलेल्या पातळ प्लॅस्टिकमध्ये. जूनमध्ये पिशवी मोकळी, साखरेसारखी सळसळती होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा एकसंध दगड झाला. लाटण्याने फुटला नाही. खलबत्त्यात घातला तर बारीक धूळ नाकात जाऊन अशी ठसका-शिंकांची माळ लागली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. शेवटी पिशवी कात्रीने सोलली, अख्खा गठ्ठा गरम पाण्यात टाकला आणि त्याचं पाणी बाटल्यांमध्ये भरून ठेवलं. हे पाणीही फार दिवस ठेवता येत नाही, पातळ असेल तर त्यावर बुरशीचे तंतू येतात. किलोला दहा रुपये जास्त घ्या, पण झिपची जाड पिशवी द्या! ढोकळ्याच्या रेडीमेड पिठातल्या एवढ्याशा पुडीला चांदीचा कागद मिळतो आणि किलोभर मालाला मेणबत्ती. असो. मी आता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवते, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून, कारण दिसायला ती हुबेहूब साखर आहे. सासऱ्यांच्या चहात एकदा गेली आणि पातेल्यातलं दूध फाटलं. (पनीर मात्र याने उत्तम होतं, लिंबापेक्षा कमी आंबट लागतं.)

दगडावर वापरू नका. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचेच प्रकार, आणि संगमरवरसुद्धा रासायनिकदृष्ट्या तेच. म्हणजे नळावरचा जो थर आपण विरघळवतोय, त्याच पदार्थाचा तुमचा ओटा आहे. डाग जाणार नाही, ओट्याची चमक जाईल आणि परत येणार नाही. मोझेक टाइल्समध्येही सिमेंट आणि संगमरवरी चिपा असतात. शंका असेल तर ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा, फसफसला तर तिथेच थांबा. ग्रॅनाइटला एवढं होत नाही.

फसफसण्यावरून आठवलं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून सिंक साफ करायचे व्हिडिओ मला आमच्या वहिनी आठवड्याला एक या हिशोबाने पाठवतात. वहिनींवर माझं प्रेम आहे, पण हे सोडा. एक अल्कली, एक आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, जे धड चुना काढत नाही की धड तेलकटपणा. जो फेस बघून आपल्याला 'काय स्वच्छ होतंय' असं वाटतं, ते नुसतं गॅस सुटणं असतं. तुंबलेल्या पाइपात जरा खळबळ झाली तर झाली. दोन्ही वेगवेगळे वापरा: चुन्याला, गंजाला आंबट आणि तेला-तुपाला सोडा. त्यातही चिमणीच्या चिकट जाळीला खाण्याचा सोडा पुरत नाही, धुण्याचा सोडा हवा, कढत पाण्यात. जाळी स्टीलची असेल तरच. ॲल्युमिनियमची जाळी धुण्याच्या सोड्यात काळी पडते.

आणि एक गोष्ट थट्टेवारी न्यायची नाही. लिंबूसत्व काय, व्हिनेगर काय, टॉयलेटचं ॲसिड काय, यातलं काहीही ब्लीचिंग पावडरीत किंवा लिक्विड ब्लीचमध्ये मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर जिवावर बेतू शकतं.

इथवर मी चार तारे देऊन मोकळी झाले असते. पण ज्या मशीनपासून हे रामायण सुरू झालं, तिथे मत बदलावं लागलं. सर्वांत गरम सायकलवर 100 ग्रॅम लिंबूसत्व टाकून रिकामं मशीन चालवलं. काचेच्या दारावरची पांढरी झाक गेली, ड्रम लखलखीत. टॉवेल पंधरा दिवस बरे. नंतर वास परत. पुन्हा पावडर, पुन्हा पंधरा दिवस. तेव्हा खाली बसून दाराचं करडं रबर उलटं करून बघितलं. घडीत काळपट, बुळबुळीत थर, त्यात केस आणि एक मोजा. मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं फिल्टरचं झाकण फिरवलं तर आधी तपेलीभर घाण पाणी, मग दोन रुपयांचं नाणं, हेअरपिन आणि लोळागोळा झालेला टिश्यू पेपर. मशीन पाणी सोडताना का अडायचं ते कळलं. 450 रुपये घेणाऱ्या दादाने ते झाकण उघडलंच नव्हतं.

म्हणजे वास चुन्याचा नव्हता. थंड पाण्यात धुवायचं, लिक्विड हात सैल सोडून ओतायचं आणि धुणं झालं की दार बंद, यामुळे साबण, मळ आणि जंतूंचा जो गाळ साठतो, त्याचा तो वास. लिंबूसत्व त्याला फारसं काही करत नाही. आता फिल्टर महिन्याला उघडते, रबराची घडी साबणाच्या फडक्याने पुसते, लिक्विड निम्मं केलं, टॉवेल-चादरी 60 अंशांवर धुते आणि दार किलकिलं ठेवते. खर्च शून्य. लिंबूसत्व दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही फक्त चुन्यासाठी. दर महिन्याला पावडर टाका म्हणणाऱ्यांचा धंदा कळतो, पण रबराला आणि धातूला इतकं आम्ल कशाला पाजायचं?

वासाच्या बाबतीत लिंबूसत्व एकाच ठिकाणी निर्विवाद जिंकलं, ते म्हणजे मासे. बांगडे साफ केल्यावर हाताला, विळीला आणि सिंकला जो वास राहतो तो अमाइन्स नावाच्या रसायनांचा, आणि ती अल्कली गुणाची. आंबट लागलं की त्यांचा मिठासारखा क्षार होतो, तो हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत येत नाही. चिमूटभर लिंबूसत्व ओल्या हातावर चोळलं आणि साबणाने धुतलं, वास गेला. मी कौतुकाने सासूबाईंना दाखवायला गेले. त्या मालवणच्या. म्हणाल्या, "आमी सोलां चोळतंव गो, तां काय येगळां आसा?" सोलां म्हणजे आमसुलं, वेगळं काहीच नाही. आमटीतून काढलेली आमसुलं टाकून देण्याऐवजी हाताला चोळायची, तर ती माझ्या साडेबावीस रुपयांपेक्षाही स्वस्त. मिक्सरच्या भांड्याला मात्र बेसन चोळून धुणं जास्त बरं, तेलकटपणा उचलला जातो. आणि झाकणाची रबरी रिंग काढून धुवा, निम्मा वास तिच्यातच असतो.

फ्रीजमध्ये खाण्याच्या सोड्याची वाटी ठेवून पाहिली. चिरलेला फणस तिच्यावर सहज मात करतो. वाटीभर सोड्याचा वरचा पापुद्रा तेवढा हवेला लागतो, त्याच्याकडून अपेक्षा तरी किती ठेवायची. जाळीच्या पिशवीत लाकडी कोळसा ठेवला तर थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो फ्रीज भिंतीपासून ओढून मागचा पाण्याचा ट्रे धुतल्यावर. तिथे काय होतं ते लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवता जेवता वाचत असाल.

बाथरूमच्या गटारी वासावरही लिंबूसत्व, कापूर, डांबरगोळ्या हे सगळं वाया. मे महिन्यात गावाहून परत आलं की घरभर जो वास असतो, तो बहुतेकदा जाळीखालच्या नानी ट्रॅपमधलं पाणी सुकल्याचा. ते साठलेलं पाणीच खालच्या पाइपातली हवा अडवून धरतं. दोन तांबे पाणी ओता, झालं काम. जास्त दिवस बाहेर जाणार असाल तर वर चमचाभर गोडं तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही. डांबरगोळ्यांनी फक्त दोन वास एकत्र येतात, आणि तान्हं बाळ असलेल्या घरात त्या नकोतच. काही बाळांना त्या वाफेनेही रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो.

दिवाळीला समई, ताम्हण आणि देव घासायला चिंच की लिंबूसत्व, यावर घरात दोन तट पडले. चकाकी दोन्हींनी सारखीच येते. लिंबूसत्वात मीठ घालून चोळलं तर हात कमी दुखतात, पण जराही कापलेलं असेल तर ब्रह्मांड आठवतं. पितळ त्यात भिजत ठेवू नका, जस्त निघून जातं आणि समईला तांबूस-गुलाबी रंग चढतो. चोळा, धुवा, लगेच कोरडं करा. चिंचेचा कोळ अंगाला चिकटून राहतो आणि नक्षीत बसतो, म्हणून कोरीव समईसाठी मी मुकाट्याने चिंचेच्या बाजूने मत दिलं.

बायोएन्झाइम करा असा सल्ला खाली येणारच, म्हणून आधीच सांगते. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने थांबायचं. करून झालं. फरशी पुसायला ठीक आहे, मोसंबीच्या साली कचऱ्यात गेल्या नाहीत याचं समाधानही आहे. पण ज्या कामाला मला आम्ल लागतं, तिथे चांगला गूळ तीन महिने आंबवून पातळसं आम्लच हाती येतं. तो गूळ पोळ्यांना वापरला असता.

तर साडेतीन तारे. अर्धा पॅकिंगसाठी कापलाय, तो परत देणार नाही. घेणार असाल तर खाण्याच्या प्रतीचं घ्या, गणपतीनंतर हवा जरा कोरडी झाली की घ्या, आणि पिशवी हलवून बघा. आत खडखडलं तर दुकानदाराला तिथेच परत करा.