‘अ‍ॅक्सिडेंट नाही’ म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं

नागपूरजवळ वाडीला अमरावती रोडवर माझं गॅरेज आहे. ट्रकचं डेंटिंग-पेंटिंग आणि चेसिसची कामं करतो, सत्तावीस वर्षं झाली. जुनी गाडी समोर आली की बोनेटच्या कडेवरून बोट फिरवून सांगतो, समोरून ठोकलेली आहे की नाही. मीटर मागे घेतला असेल तर क्लचच्या पायडलचं रबर पाहून ओळखतो. असा मी माणूस, आणि एका डेंटिंग-पेंटिंग केलेल्या विमानात सात लाख रुपये घालून बसलो. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. गॅरेजमधली पोरं अजून हसतात.

मुलीला पायलट व्हायचं आहे. डीजीसीएचे, म्हणजे आपल्या सरकारी विमान खात्याचे, पेपर ती पहिल्या फटक्यात पास झाली, उड्डाणाचे तासही शंभराच्या वर झाले. कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात. इथे कधी विमान दुरुस्तीला, कधी पाऊस, कधी दृश्यमानता नाही, असं करत महिन्याला आठ-दहा तासांवर गाडी सरकेना. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीच्या बाबांनी रामदासपेठेतल्या एका सल्लागाराचं नाव सांगितलं. (नाव इथे देत नाही, प्रकरण चालू आहे.)

त्याची स्कीम ऐकायला झकास होती. चार कुटुंबांनी मिळून अमेरिकेत एक जुनं विमान घ्यायचं, चारही पोरांनी त्यावर शंभर-शंभर तास उडायचं, मग विमान विकून टाकायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. म्हणजे तास जवळजवळ फुकटात. विमान होतं पायपर अ‍ॅरो. सत्तरच्या दशकातलं, चार सीटचं, 200 हॉर्सपॉवरच्या लायकमिंग इंजिनाचं, चाकं पोटात घेणारं. साधं स्थिर चाकांचं विमान घेऊ म्हटलं तर तो म्हणाला, ‘काका, एअरलाइनवाले कॉम्प्लेक्स, म्हणजे असल्या विमानाचे तास पाहतात. अमेरिकेत तर कमर्शियलच्या परीक्षेला हेच विमान कंपल्सरी आहे.’

हे पहिलं खोटं, आणि पाच मिनिटांत पकडता आलं असतं. अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान खात्यानं, ती सक्ती एप्रिल 2018 मध्येच काढून टाकली. आणि आपल्याकडच्या 200 तासांत चाकं आत जाणाऱ्या विमानाचा तास वेगळा मोजत नाहीत, तास तो तास. पण समोरचा माणूस एसीत बसून इंग्रजी कागद पुढे सरकवत असला की आपली अक्कल बाहेर चपलांजवळच राहते.

करारात एक ओळ ठळक अक्षरात होती: ‘सदर विमानाच्या नावावर कोणत्याही अपघाताची नोंद नाही.’ ती वाचूनच मी सही केली. जुन्या गाडीत मी हाच प्रश्न आधी विचारतो ना.

पैसे गेले, फोटो आले. पांढरं शुभ्र, निळ्या पट्ट्याचं विमान. मुलीनं एक फोटो मोठा करून गॅरेजच्या ऑफिसात लावला. दोन महिन्यांनी एक गिऱ्हाईक कारचं बंपर बसवायला आलं. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, आपल्या वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडमध्ये बरीच वर्षं काढलेले, काम एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं. चहा घेता घेता ते फोटोजवळ गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘काहून जी, याचं पोट एवढं नवं काहून दिसून राहिलं?’

मला कळेना. त्यांनी मुलीच्या मोबाइलवर बाकीचे फोटो मोठे करून पाहिले. पोटाखालच्या दोन पत्र्यांच्या रिवेटच्या ओळी बाजूच्या पत्र्यापेक्षा वेगळ्या. खालचे अँटेना सगळे एकाच वयाचे, कोरे. पंखामागची चढायची पायरी नवी. विमान पन्नास वर्षांचं, पण पंखा, म्हणजे प्रोपेलर, बराच अलीकडचा. ‘हे पोटावर उतरलेलं हाय. एकदा तरी.’ अन् मग माझ्याकडे पाहून, ‘तुम्ही तर पत्र्याचं काम करता ना भाऊ?’

त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढचे काही रविवार साहेब आमच्याकडे बसले आणि मुलीला नीट समजावून सांगितलं, मीही ऐकलं. चाकं आत जाणाऱ्या छोट्या विमानांचा खास अपघात म्हणजे चाकं न काढता उतरणं. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, माणूस विसरलेला असतो. उतरताना कंट्रोल टॉवरनं काहीतरी विचारलं, दुसरं विमान समोर आलं, एकदा वर जाऊन परत फिरावं लागलं, आणि दर वेळची तपासणी मध्येच तुटली. चाकं आत असताना पॉवर कमी केली की भोंगा वाजतो, पण भोंगा वाजत असतानाही लोक उतरले आहेत. दुसरा प्रकार उतरल्यानंतरचा. विमान धावपट्टीवर पळतंय, पायलट फ्लॅप (पंखामागची खाली-वर होणारी पाती) वर घ्यायला हात घालतो आणि चाकांचा खटका ओढतो. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीनं 1980 मध्ये यावर खास अहवाल काढला होता. बीचक्राफ्टच्या बोनान्झा आणि बॅरन विमानांत खटक्यांची रचनाच गोंधळात पाडणारी आहे, असं त्यात म्हटलं होतं. दुसऱ्या महायुद्धातही बॉम्बर विमानांत हीच गफलत व्हायची. म्हणून चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या खटक्याला पंखाच्या आकाराची मूठ द्यायची पद्धत आली. अंधारात बोटांना कळावं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडली. आमच्याकडे पान्यांच्या मुठींना रंगीत टेप असते, तीच अक्कल.

अ‍ॅरोची गंमत आणखी निराळी. 1967 साली हे विमान आलं तेव्हा पायपरनं त्यात एक सोय दिली: वेग ठरावीक आकड्याखाली गेला आणि इंजिन मंद असलं की चाकं आपोआप खाली. विसराळू पायलटसाठी वरदानच. पण उड्डाणात इंजिन बंद पडलं तर चाकं नको तेव्हा बाहेर येतात, हवेचा अडथळा वाढतो आणि विमान आणखी लवकर खाली येतं. पुढे पायपरनंच ती सोय बंद करायची सूचना काढली. म्हणजे एखादा पायलट ‘आपोआप येतील’ म्हणून बसला आणि त्या विमानात ती सोय बंद केलेली असली, की पोट घासलंच.

साहेब एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. पोटावर उतरून माणूस सहसा मरत नाही, मरतात ते दुसऱ्याच कारणांनी. ढगात शिरायचं शिक्षण नसताना ढगात शिरून. नाहीतर पेट्रोलच्या चावीपायी: अ‍ॅरोत चावी डावी किंवा उजवी, दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवायची सोय नाही. एक टाकी कोरडी पडून इंजिन बंद, आणि दुसरी भरलेली. पोट घासल्यावर मार खातो पत्रा आणि इंजिन. फिरता पंखा जमिनीला लागला की धक्का क्रँकशाफ्टपर्यंत जातो. त्यासाठी लायकमिंग इंजिनांबाबत एफएएचा 2004 चा हुकूम आहे. पंखा आपटला की क्रँकशाफ्टच्या मागचं गिअर, त्याचा बोल्ट आणि डॉवेल पिन तपासल्याशिवाय इंजिन परत चालवायचं नाही. ट्रकचा क्रँक तुटला तर ट्रक रस्त्याच्या कडेला लावता येतो. हे वर तुटतं.

मग मुलीनं ते काम केलं जे पैसे देण्याआधी करायचं होतं. अमेरिकेत विमानाच्या शेपटीजवळचा नंबर टाकला की मालक कोण हे एफएएच्या नोंदवहीत फुकट दिसतं. तिथे एकाच कंपनीचं नाव होतं. आम्ही चौघं कुठेच नव्हतो, आणि असूही शकत नव्हतो, कारण तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसलेल्या माणसाच्या नावावर विमान सरळ चढतच नाही. दहा डॉलरच्या आसपास फी भरली की ओक्लाहोमा सिटीच्या कार्यालयातून विमानाची पूर्ण फाईल मिळते. तीत 337 नंबरचे फॉर्म असतात, मोठ्या दुरुस्तीचे. आमच्या विमानाचे दोन निघाले, पंधरा वर्षांच्या अंतरानं, दोन्ही पोटाच्या पत्र्याचे. दोनदा!

लॉगबुकं मागितली. पहिलं लॉगबुक ‘हरवलं’. इंजिनाच्या लॉगबुकात दुसऱ्या वेळी नवा पंखा बसवल्याची नोंद होती, पण इंजिन उघडून तपासल्याची ओळ कुठेच नव्हती. पहिलं लॉगबुक नसणं ही लहान गोष्ट वाटली होती, साहेबांनी कपाळाला हात लावला. 4 एप्रिल 2018 ला फ्लोरिडात डेटोना बीचला शिकाऊ कामातल्या एका अ‍ॅरोचा डावा पंख उड्डाणात तुटला. शिकणारा आणि परीक्षक, दोघेही गेले. पंखाच्या मुख्य स्पारला, म्हणजे आतल्या तुळईला, बोल्टच्या भोकापाशी थकव्याची भेग होती. त्यानंतर एफएएनं या जातीच्या विमानांच्या स्पारची तपासणी ठरवली. कोणतं विमान आधी तपासायचं ते, शिकवण्याच्या कामात ते किती घासलं गेलं, यावरून मोजतात, आणि तो हिशेब लॉगबुकातल्या शंभर-शंभर तासांच्या तपासण्यांवरून निघतो. लॉगबुकच नाही तर हिशेब कशाचा मांडणार?

मी रामदासपेठेत गेलो. आवाज चढवला, मान्य करतो. तो शांत होता. ‘काका, अ‍ॅक्सिडेंटची नोंद कुठे आहे, दाखवा ना.’ आणि एनटीएसबीच्या यादीत खरंच नव्हती. मुलीनं नियम शोधला तेव्हा कळलं. तिथे कुणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, नाहीतर विमानाला ‘भरीव नुकसान’ झालं, तरच अपघात. आणि भरीव नुकसानीतून काय वगळलं आहे? लँडिंग गिअर, चाकं, टायर, ब्रेक, फ्लॅप, पंखाची टोकं, चेमटलेला पत्रा, जमिनीला लागून वाकलेला प्रोपेलर. पोटावर उतरल्यावर जे जे मोडतं तेच सगळं! लाखोंची दुरुस्ती होते आणि कागदावर अपघात शून्य. करारातली ती ठळक ओळ खोटी नव्हती. ती लिहिणाऱ्याला नियम पाठ होता, मला नव्हता.

मी ‘अपघात’ विचारला. विचारायला हवं होतं ‘नुकसान’. पोटावर कधी उतरलंय का, पंखा कधी जमिनीला लागलाय का, त्यानंतर इंजिन कोणी उघडलं, सगळी लॉगबुकं पहिल्या दिवसापासून आहेत का. आणि उत्तर त्याच्या तोंडून नाही, कागदावर सहीनिशी. गाडीत तर मी ‘ठोकली का’ एवढ्यावर कधीच थांबत नाही, जॅक लावून खाली शिरतो. विमानाखाली शिरायला अमेरिकेत कोण जाणार, म्हणून फोटोवर भागवलं. तिथल्या एखाद्या स्वतंत्र मेकॅनिकला फी देऊन तपासून घेता आलं असतं, पण ते मला सुचलं नाही. सल्लागारानं सुचवलेला मेकॅनिक मात्र लगेच सुचला होता, आणि त्याचा रिपोर्ट दीड पानाचा होता.

सातपैकी दीड लाख परत मिळाले, ‘प्रोसेसिंग’ कापून. चारपैकी दोन कुटुंबं तक्रारीत सोबत आहेत, चौथ्यांना बदनामीची भीती वाटते. ग्राहक आयोगात तारखा पडताहेत. पोरगी इथेच, चाकं बाहेर असलेल्या सेसना 172 वर तास पुरे करते आहे, पुन्हा महिन्याला आठ-दहा. विमान तिनं एकदाही उडवलं नाही, एवढं देवानं बरं केलं.

मागच्या आठवड्यात त्याच सल्लागाराची नवी जाहिरात कुणीतरी ग्रुपवर टाकली. तेच विमान आहे. पट्टा आता लाल आहे, फोटो पंखाच्या वरून घेतले आहेत, एकातही पोट दिसत नाही. आणि शेपटीजवळच्या नंबरवर एक गोल स्टिकर चिकटवलं आहे, त्यावर लिहिलंय: ‘फक्त दोन जागा शिल्लक.’