सहा जणांचे 16,800 रुपये आणि नाक्यावरची एक चिठ्ठी

मेळघाटात तंबूत मुक्काम करायला निघालेल्या कुणाची तरी रात्र यामुळे वाचेल, म्हणून लिहितोय.

दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही अकोल्याचे तिघं आणि अमरावतीहून साडूचं कुटुंब, असे सहा जण. मोबाईलवर जाहिरात आली होती: फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी) जीप, सिपना नदीकाठी तंबू, चुलीवरचं जेवण, माणशी 2,800 रुपये. त्यात 900 रुपये 'वनविभागाचं शुल्क'. मी फोनवर दोनदा विचारलं, रात्री थांबायची परवानगी आहे ना? "सर, परवानगीशिवाय आपण कामच करत नाही. फक्त पूर्ण पैसे आधी टाका, सरकारात भरावे लागतात." मी टाकले. पावती मागितली, तर "तिथं हातातच देतो" म्हणाला.

परतवाड्याहून निघालो. फोनवरचा तो माणूसच जीप चालवत होता. वनविभागाच्या नाक्यावर त्यानं उतरून गाडीची नोंद केली आणि एक चिठ्ठी आणून माझ्या हातात दिली. "ही घ्या परवानगी." गाडीचा नंबर, तारीख, वेळ, शिक्का. मी घडी घालून खिशात ठेवली. वाचली नाही, हे माझं चुकलं.

सेमाडोहच्या पुढे डांबरी रस्ता सोडून त्यानं गाडी सागवानातल्या कच्च्या वाटेला घातली. दिवस मावळता एका नाल्यात उतरलो आणि मागची चाकं वाळूत रुतली. गिअरच्या शेजारचा छोटा दांडा त्यानं मोठ्या रुबाबात ओढला, म्हणाला, आता बघा. मुलीच्या हातात टॉर्च होती. मागची चाकं गरगर फिरून वाळू उडवत होती, पुढची दोन्ही जागची हललीसुद्धा नाहीत. साडूचा ट्रॅक्टर दुरुस्तीचा धंदा आहे. तो गाडीखाली वाकला आणि मला बोलावलं. फोर बाय फोरला पुढच्या ॲक्सलच्या मधोमध पुढच्या चाकांना ताकद देणारा जो गोळा (डिफरन्शियल) असतो, तो नव्हताच. नुसता सरळ दांडा, आणि गिअरबॉक्सकडून पुढे येणारा शाफ्टही नाही. गिअरशेजारचा छोटा दांडा आणि बोनेटवरचं स्टिकर, दोन्ही नुसतं दाखवायला लावलेलं. अशा गाडीत बायकामुलांना घेऊन तो नाल्यात उतरला, याची चीड अजून जात नाही.

मग तंबू तिथंच, नाल्याच्या काठावर. त्यानं वाळलेली सागाची पानं गोळा करून चूल पेटवली. भात शिजायच्या आत दोन टॉर्च आल्या. गस्तीवरचे वनरक्षक. त्यांनी आमच्याशी बोलायच्या आधी चुलीवर पाणी ओतलं, वर वाळू टाकली, मग विचारलं, कोणाच्या परवानगीनं? मी ती चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली. "भाऊ, हे तं नाक्यावरची चिठ्ठी हाय. दिवसा रस्त्यानं जायाची. रातच्याले इथं थांबता येत नाही. अस्वल येते या पाण्यावर." बायकोनं मुलीला जवळ ओढलं.

खरा घाव त्यानंतर बसला. आमचा माणूस पुढे होऊन म्हणाला, "साहेब, मी फक्त ड्रायव्हर. पार्टीनंच इकडं आणलं." नावं आमची लिहिली गेली. दुसऱ्या दिवशी दंड भरला, त्याची मात्र रीतसर पावती मिळाली. वनरक्षकांवर माझा राग नाही. त्यांनीच आम्हाला जवळच्या कोरकू आदिवासींच्या पाड्यावर नेलं. तिथल्या आजीनं पडवीत घोंगड्या अंथरल्या आणि काही न विचारता चहा ठेवला. सकाळी दोन बैलजोड्या लावून जीप निघाली.

1973-74 साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले, त्यांत मेळघाट आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं गुन्हा आहे. परवानगी काढून देतो म्हणणाऱ्याला कागद आधी मागा, त्यावर तुमचं नाव आणि मुक्कामाची तारीख आहे का बघा, आणि तो वनविभागाच्या कार्यालयात फोन करून पडताळा. सेमाडोह आणि कोलकासला वनविभागाची स्वतःची राहायची सोय आहे. मला हे माहीत होतं, पण तंबूच्या फोटोला भुललो. गाडीत बसण्याआधी खाली वाकून पुढच्या ॲक्सलवर गोळा आहे का बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पैसे गेलेच तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. मी पाच दिवस "देतो सर, देतो" ऐकत थांबलो, तोवर त्याचा फोन बंद झाला होता.

गेल्या महिन्यात परतवाड्याच्या पेट्रोल पंपावर तीच जीप दिसली. रंग नवा, स्टिकर नवं, मागच्या सीटवर दोन लहान मुलं. मी खाली वाकून पाहिलं, सरळ दांडाच होता. मुलांच्या वडिलांना बाजूला घेतलं आणि माझ्या फोनमधला दंडाच्या पावतीचा फोटो त्यांच्यासमोर धरला.