बेल्टचा पंखा ठेवावा की इलेक्ट्रिक लावावा: नागपूरच्या उन्हातला हिशोब

मे लागला की नागपुरातल्या गॅरेजांत, इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याबद्दल एक सल्ला हमखास मिळतो. "हा बेल्टवाला फॅन काढून टाका भाऊ, इलेक्ट्रिक लावून देतो, गाडी हीटच मारणार नाही." जुनी बोलेरो, सुमो, जिप्सी, जीप, अॅम्बेसेडर किंवा हौसेनं सांभाळलेली पद्मिनी दारात असेल, तर हे वाक्य कधी ना कधी कानावर येणारच. बाकीच्यांना हा प्रश्न पडत नाही. मारुती ८०० सारख्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं, पुलीचं तोंड रेडिएटरकडे नसून बाजूला चाकाकडे असतं, म्हणून तिथं कंपनीनंच इलेक्ट्रिक पंखा दिलेला असतो.

सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीला वीज देणाऱ्या जनित्रात आहे. तो सहसा कोणी सांगत नाही, कारण पंखा दुपारभरात बसवून देता येतो आणि अल्टरनेटरचा आकडा ऐकला की गिऱ्हाईक विचारात पडतं.

पर्याय दोन नाहीत, तीन आहेत

'बेल्टचा पंखा' म्हणून आपण दोन वेगळ्या वस्तू एकाच नावानं ओळखतो. पहिला थेट पंखा. वॉटर पंपाच्या, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत वॉटर बॉडीच्या, पुलीवर बोल्टांनी आवळलेला. इंजिन जितकं फिरेल त्या प्रमाणात तोही फिरणार, डिसेंबरच्या पहाटे इंजिन थंडगार असलं तरीही. दुसरा व्हिस्कस क्लचचा. त्याच्या मध्यभागी बारीक पंख काढलेली अॅल्युमिनियमची जाड तबकडी दिसते आणि तिच्या तोंडावर दोन धातूंची एक पट्टी किंवा गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ही पट्टी वाकते, आतला व्हॉल्व उघडतो, सिलिकॉन तेल क्लचच्या खाचांत शिरतं आणि पंख्याला पकड मिळते. हवा थंड असेल तर क्लच घसरतो आणि पंखा नुसता मागे मागे रेंगाळतो.

बॉनेट उघडून आधी एवढं बघून घ्या, कारण पुढचा निर्णय त्यावर फिरतो. थेट पंखा काढून इलेक्ट्रिक लावणं आणि चांगला चालणारा व्हिस्कस काढून इलेक्ट्रिक लावणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात काहीतरी हाती लागू शकतं. दुसऱ्यात बहुतेक वेळा खिसा हलका होतो, बस.

व्हिस्कस जिवंत आहे की नाही हे तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी चांगली तापू द्या, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हातानं फिरवा. जड लागला पाहिजे. धक्का दिल्यावर तीन-चार वेढे सहज घेत असेल, किंवा तबकडीपासून बाहेरच्या दिशेनं तेलकट, धूळ चिकटलेल्या रेघा उमटल्या असतील, तर क्लच गेला. अशा गाडीला नवा क्लच लागतो, इलेक्ट्रिक पंखा नाही.

४५ अंशांत काय बदलतं

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे कूलंट (इंजिनात फिरून ते गार ठेवणारा द्रव) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरा. पुण्यातल्या ३० अंशांच्या दुपारी फरक ६५ चा. नागपुरात ४५ अंशांत तो ५० वर येतो. म्हणजे तीच गाडी, तोच रेडिएटर, तेवढीच हवा, पण उष्णता सुमारे २३ टक्के कमी बाहेर पडणार. त्यात एसी चालू असेल तर रेडिएटरपुढचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) ती हवा आधीच तापवून आत पाठवतो. मे २०१३ मध्ये शहरानं ४७.९ अंश पाहिले आहेत. (२०२४ च्या मे महिन्यात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले होते, तो सेन्सरचा बिघाड निघाला. आपल्याला घाम फोडायला तेवढे लागतही नाहीत.) म्हणून दुसऱ्या शहरातल्या कुणाचा 'माझ्या जीपला मस्त चालतो' हा अनुभव इथं जसाच्या तसा लागू करू नका.

सिग्नल, घाट, समृद्धी

व्हरायटी चौकातल्या गर्दीत इंजिन ७५०-८०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) गुरगुरत असतं. बेल्टचा पंखाही त्याच संथ चालीनं फिरतो, हवा कमी ओढतो, तापमानाचा काटा वर सरकू लागतो. इथं इलेक्ट्रिक सरस, यात वाद नाही. इंजिनाच्या चालीशी त्याचं देणंघेणं नसतं, स्विच लागला की पूर्ण वेगानं फिरतो. शहरातल्या शहरात, सिताबर्डी-महाल-इतवारी करणाऱ्या पेट्रोल गाडीसाठी हा खरा फायदा आहे.

घाटात पारडं उलटं झुकतं. छिंदवाड्याच्या वाटेवरचा सिल्लेवानी घाट किंवा चिखलदऱ्याची चढण घ्या. गाडीत सात माणसं, वर सामान, दुसरा गिअर, वेग २५-३०, आरपीएम अडीच-तीन हजार. वेगामुळे आपोआप येणारी हवा जवळपास नाही आणि इंजिन मात्र जीव तोडून उष्णता फेकतंय. नेमक्या या वेळी बेल्टचा पंखा सगळ्यात जोरात फिरत असतो. इलेक्ट्रिकची कमाल ठरलेली. मोटर जेवढी ओढते तेवढीच हवा, जास्त मागून मिळत नाही. ट्रक अजूनही बेल्टचाच पंखा बाळगतात ते उगाच नाही.

समृद्धीवर शंभरच्या वेगानं जाताना समोरून येणारी हवाच पुरते, पंख्याची गरजच नाही. थेट पंखा तरीही घोंघावत राहतो आणि ताकद खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. १,५०० आरपीएमला २०० वॉट खाणारा पंखा ३,००० ला १,६०० वॉट, म्हणजे दोन हॉर्सपॉवरहून जास्त खाईल. व्हिस्कस इथं घसरून सुटका करून घेतो, इलेक्ट्रिक बंदच राहतो. त्यामुळे मायलेजची बढाई थेट पंख्याच्या तुलनेतच मारता येते. व्हिस्कस काढून इलेक्ट्रिक लावलेल्याला पंपावर फरक जाणवणं अवघड.

आणि इलेक्ट्रिक फुकट फिरतो असंही नाही. त्याची वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि वाटेत बरीच ऊर्जा वाया जाते. २५० वॉटच्या पंख्यासाठी इंजिनाला साधारण ४००-५०० वॉट मोजावे लागतात. फक्त हा खर्च गरज असेल तेवढाच वेळ होतो, हाच काय तो नफा.

अल्टरनेटर

दोन मध्यम इलेक्ट्रिक पंखे मिळून २०-२५ अँपिअर खातात. सुरू होतानाचा झटका याच्या दुप्पट-तिप्पट. त्यात हेडलाइटचे सुमारे ९, एसीच्या ब्लोअरचे १० ते १५, कॉम्प्रेसरच्या क्लचचे ३-४, पेट्रोल गाडी असेल तर इग्निशनचे आणखी. बेरीज ५० च्या आसपास जाते. जुन्या गाड्यांचा अल्टरनेटर ४०-४५ अँपिअरचाच असतो. बरं, ६५ चा असला तरी तो आकडा जोरात फिरताना मिळणारा. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, त्याच्या निम्मे मिळाले तरी खूप.

आता गंमत बघा. सिग्नलवर इलेक्ट्रिक पंख्याची सर्वात जास्त गरज आणि सिग्नलवरच अल्टरनेटर सर्वात दुबळा. उरलेला करंट बॅटरीतून जातो, व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की पंख्याची मोटर मंदावते. काटा चढतो तो पंखा फिरत असतानाच. मग 'फॅन तर चालू आहे, मग गाडी काहून गरम होऊन राहिली' असं म्हणत लोक वॉटर बॉडी बदलतात, हेड उघडतात. डायनॅमोवर (अल्टरनेटरच्या आधीच्या, कमी वीज देणाऱ्या जनित्रावर) चालणारी जुनी गाडी असेल तर आधी डायनॅमो काढा, तोवर इलेक्ट्रिक पंख्याचा विषयच नको.

म्हणून खर्च विचारताना पंख्याचा नाही, पूर्ण कामाचा विचारा: मोठा अल्टरनेटर, जाड वायर, रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, थर्मोस्विच (पाणी ठरावीक तापलं की पंखा लावणारा), काउल (पंख्याभोवतीचं आवरण). पंखा या यादीतली स्वस्त वस्तू ठरते, जुन्या सामानातली वॅगनआर किंवा सँट्रोची असेंब्ली उचलली तर आणखीच स्वस्त. पण तो पंखा लहान पेट्रोल इंजिनाच्या लहान रेडिएटरसाठी बनलेला आहे. अडीच लिटरच्या डिझेलपुढे एकटा लावला तर मे महिन्यात उघडा पडतो.

बसवताना जिथं काम बिघडतं

काउल हा मुद्दा बोलणीत कुठंच नसतो आणि नंतर तोच नडतो. कुलरच्या तीन ताट्यांपैकी एक काढून ठेवली तर पंखा कितीही मोठा असो, हवा ओल्या वाळ्यातून न येता त्या उघड्या बाजूनं येते. रेडिएटरचंही तसंच. उघडा पंखा जाळीसमोर टांगला तर तेवढ्याच गोलातून हवा जाते आणि कोपरे तापलेले राहतात. संपूर्ण जाळी झाकणारं काउल असलेला एक पंखा, काउल नसलेल्या दोघांना भारी पडतो. पंखा इंजिनाच्या बाजूनं, हवा ओढणारा हवा. जागा नाही म्हणून ग्रिलच्या बाजूनं ढकलणारा लावला तर हायवेवर तोच येणाऱ्या हवेला आडवा येतो. आणि प्लास्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवून पंखा बांधणाऱ्याला तिथंच थांबवा. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पट्टी घासून नळी फोडते.

वायरिंगमध्ये चार गोष्टी मागून घ्या. पंख्याचा करंट रिलेमधूनच गेला पाहिजे, डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट नाही. फ्यूज बॅटरीजवळ. एसीचा क्लच लागला की पंखाही लागला पाहिजे, नाहीतर कंडेन्सरवर हवा नाही आणि एसी गरम हवा फेकतो. डॅशबोर्डवर एक छोटा दिवा, जो पंख्याला वीज पोचल्यावरच लागेल. हा दिवा ऐच्छिक समजू नका. बेल्टचा पंखा बिघडायला लागला की आवाज करतो, बेल्ट किंचाळतो, तेल गळतं. इलेक्ट्रिकचा रिले मात्र गुपचूप जातो आणि कळतं तेव्हा बॉनेटमधून वाफ येत असते.

थर्मोस्विचचा आकडाही नीट निवडा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व) ८२ अंशांना उघडायला लागत असेल आणि पंख्याचा स्विच ८० चा बसवला, तर पंखा कधी बंदच होणार नाही. वरच्या होजजवळ ९२-९५ ला लागणारा स्विच बरा. आणि 'व्हॉल्व काढून टाकू, पाणी मोकळं फिरेल' हा जुना उपाय करू देऊ नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की पाण्याचा मोठा भाग बायपासमधूनच फिरतो आणि रेडिएटरकडे जातच नाही.

जुना पंखा काढला म्हणून बेल्ट काढायचा नसतो. वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्यावरच असतात. पंख्याचे बोल्टच पुली धरून ठेवत असतील तर मापाचे आखूड बोल्ट लागतील, जुनेच लांब बोल्ट आवळून भागत नाही.

मग कोणी काय करावं

गाडी गरम होते म्हणून पंखा बदलायला निघाला असाल तर थांबा. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं आहे, "गाडी गरम होऊन राहिली तर पंखा काहून बदलून राहिले? आधी रेडिएटर तर खोलून पाहा." वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेला रेडिएटर आतून क्षारांनी भरलेला असतो, बाहेरून जाळीत धूळ आणि किडे अडकलेले. रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, कूलंट भरा, कॅप बदला, बेल्टचा ताण बघा. निम्म्या गाड्यांचा प्रश्न इथंच संपतो, असं मला वाटतं.

माणसं आणि माल वाहणारी, घाट चढणारी डिझेल बोलेरो-सुमो असेल तर माझं मत सरळ आहे: बेल्टचाच ठेवा, व्हिस्कस गेला असेल तर नवा टाका. जिप्सीवाल्यांनाही तेच सांगेन. पाण्यातून गाडी घालण्याची हौस असेल तर इलेक्ट्रिक स्विचनं बंद ठेवता येतो, हा त्याचा खरा गुण, कारण बेल्टचा पंखा पाण्यात वाकून रेडिएटरला भिडू शकतो. पण २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांना कोणता पंखा आहे यानं काही फरक पडला नाही.

थेट पंख्याची अॅम्बेसेडर किंवा पद्मिनी, रविवारी बाहेर निघणारी, एसी नसलेली किंवा नंतर बसवलेली, शहरातच फिरणारी: इथं इलेक्ट्रिक लावा, पण अल्टरनेटरसकट. एसी नंतर बसवला असेल तर मोठा अल्टरनेटर कदाचित आधीच लागलेला असेल, त्यावरची पट्टी वाचून घ्या.

पैसे देण्याआधी एक चाचणी करून घ्या, तीही संध्याकाळी नाही, दुपारी तीनला. गाडी उभी, आयडलिंगला, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, हेडलाइट चालू, पंखे फिरताहेत. वीस मिनिटं असंच चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. १३ व्होल्टच्या वर असेल तर काम झालं. १२.५ च्या खाली उतरत असेल तर अल्टरनेटर मोठा करून घ्या, आणि तोवर जुना पंखा भंगारात देऊ नका.