एकाच इन्व्हॉइसवर पेस्तो, हमस आणि आयवार: वाशीतल्या एका टॅरिफ वर्गीकरण सेवेचं परीक्षण

न्हावा शेवाला उतरणाऱ्या खाद्यपदार्थांच्या कन्साइनमेंटमध्ये पेस्तो (बेसिलच्या पानांचं वाटण), हमस (काबुली चण्यांचं वाटण), आयवार (भाजलेल्या मिरची-वांग्याचं वाटण), ऑलिव्हची पेस्ट, सँडविच स्प्रेड अशा बरण्या एकत्र येतात आणि पुरवठादार बहुतेकदा सगळ्यांपुढे एकच एचएस कोड (आयात शुल्क ज्यावरून ठरतं तो वर्गीकरणाचा क्रमांक) टाकून मोकळा होतो. वाशीत एपीएमसीजवळची एक कस्टम ब्रोकर पेढी माल जहाजावर चढण्याआधी प्रत्येक बरणीचं वर्गीकरण करून लेखी टिपण देते. पेढीचं नाव देत नाही. अशा सेवा बेलापूर-सानपाड्याकडेही मिळतात, त्यामुळे टिपणात काय मागायचं हे कळणं जास्त कामाचं.

पहिली जमेची बाजू म्हणजे पेढी लेबलवरच्या मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवत नाही. ती वजनानुसार घटकांची टक्केवारी, बनवण्याची प्रक्रिया, व्हिनेगर किंवा ॲसेटिक आम्लाचं प्रमाण आणि वापराची सूचना मागते. एवढं मिळेपर्यंत कोड सांगत नाही. घाईतल्या आयातदाराला याचा वैताग येतो, पण पद्धत हीच बरोबर.

खरी मेख २१०३ (सॉस) आणि २००५ (तयार किंवा टिकवलेल्या भाज्या) यांच्या सीमेवर आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांनुसार २१०३ मधला भाज्यांचा पदार्थ मुख्यतः द्रव, इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) किंवा सस्पेन्शन (द्रवात तरंगणारे बारीक कण) असतो. त्यात भाजीचे तुकडे दिसले तरी चालतात, पण तो जेवणासोबत किंवा स्वयंपाकात वापरायचा असतो, नुसता खायचा नसतो. या कसोटीवर पास्त्यात कालवायचा पेस्तो २१०३ ९० ९० मध्ये बसतो. भाजलेली लाल मिरची आणि वांगं वाटून केलेला घट्ट आयवार पावावर जाडसर थापून खातात. त्यात भाजीच प्रमुख, म्हणून टिपण त्याला २००५ ९९ ०० देतं आणि ते पटतं. तोच पदार्थ व्हिनेगरवर टिकवलेला असेल तर २००१ मध्ये जातो. इथे युरोपीय पुरवठादाराचा कोड जसाच्या तसा उचलू नये. तिकडे २००१ साठी ॲसेटिक आम्लाच्या रूपात मोजलेल्या मुक्त बाष्पनशील आम्लाची ०.५ टक्के ही किमान मर्यादा आहे. ती त्यांच्या टॅरिफची जादा टीप आहे, आपल्या टॅरिफमध्ये ती नाही. दोन्हीकडे समान असतात ते पहिले सहाच आकडे.

टोमॅटोबाबत टिपण नेमकं आहे. साधी प्युरी किंवा पेस्ट २००२ मध्ये. लसूण, मसाला, हर्ब्स घालून वापरायला तयार केलेला सॉस २१०३ २० ०० मध्ये. रसात घन अंश ७ टक्के किंवा जास्त असेल तर २० व्या प्रकरणाच्या टीप ४ नुसार तो रस राहत नाही, २००२ मध्ये जातो. तेल आणि अंड्याच्या इमल्शनवरचं सँडविच स्प्रेड २१०३ ९० ३० मध्ये, पण ‘व्हेजिटेबल फॅट स्प्रेड’ लिहिलेला डबा मुळात १५१७ चा (मार्जरीनसारखे खाद्य स्निग्ध पदार्थ). पीनट बटर २००८ मध्ये. हे दोन्ही ‘भाजीचं स्प्रेड’ म्हणून खपवणारे कमी नाहीत.

हमसवर पेढी दोन्ही बाजू मांडते. उकडलेले काबुली चणे हाच मुख्य घटक, म्हणून २००५. डिप म्हणून बुडवून खातात, म्हणून २१०३. आमच्या मते पहिली बाजू वजनदार आहे, पण वाद होऊ शकतो हे लेखी सांगणारा ब्रोकर बरा.

‘दोन्हीकडे बेसिक ड्यूटी (मूळ आयात शुल्क) ३० टक्केच, मग एवढा काथ्याकूट कशाला?’ हा नेहमीचा प्रश्न. उत्तर २१०६ मध्ये आहे. कुठेच न बसणारा पदार्थ तिथे ढकलायची सवय महागात पडते, कारण २०१८ च्या अर्थसंकल्पात तिथली ड्यूटी ३० वरून ५० टक्क्यांवर नेली. १,००,००० रुपये मूल्यावर हिशेब असा: ३० टक्क्यांनी ३०,००० ड्यूटी, ३,००० समाजकल्याण अधिभार, आणि १,३३,००० वर ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ६,६५०, मिळून ३९,६५०. पन्नास टक्क्यांनी तेच ६२,७५० होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयजीएसटी दोन्हीकडे ५ टक्केच आहे आणि त्याचं क्रेडिटही मिळतं, म्हणजे तो पुढच्या जीएसटीतून वजा होतो. अंगावर पडतो तो ड्यूटी आणि अधिभारातला २२,००० चा फरक.

आता उणिवा. मुक्त व्यापार करारांचा रकाना टिपणात नाही. सवलतीचा दर आणि मूळ देशाचे नियम हेडिंगनुसार (कोडच्या पहिल्या चार आकड्यांनुसार) बदलतात, तेव्हा २०२० च्या कॅरोटर नियमांखाली (करारातली सवलत मागताना मालाचा मूळ देश दाखवण्याचे नियम) लागणारी माहिती याच टप्प्यावर गोळा व्हायला हवी. दुसरी उणीव जास्त त्रासदायक: एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) अन्नप्रकार पेढी तपासत नाही. एफएसएसएआयकडे भाज्या-दाण्यांची प्युरी आणि स्प्रेड ४.२.२.५ मध्ये, सॉस १२.६ मध्ये. अन्नप्रकार टॅरिफला बांधील नाही, पण बिल ऑफ एन्ट्रीत (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रात) २००५ आणि तिकडे १२.६ लिहिलं की क्वेरीला आयतं निमंत्रण. असेसमेंट (शुल्काची आकारणी) फेसलेस असल्याने अधिकारी दुसऱ्या शहरात बसलेला असू शकतो. समोर जाऊन बरणी उघडून दाखवायची सोय नाही, ई-संचितवर (कस्टम्सच्या ऑनलाइन कागदपत्र प्रणालीवर) चढवलेले कागदच बोलतात. म्हणून टिपणाचा लांबलचक कायदेशीर मजकूर निम्मा करून घटकांचा तक्ता पहिल्या पानावर आणावा. नमुना प्रयोगशाळेत गेला तर थंड हमसचा रीफर (शीत कंटेनर) सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर यार्डात) प्लगवर उभा राहतो आणि भाडं चढत जातं. कस्टम्स कायद्याच्या कलम १८ खाली बॉण्ड देऊन तात्पुरतं असेसमेंट मागता येतं, हे टिपणात एका ओळीत उरकलंय.

फी वस्तूमागे घेतात, ती आगाऊ निर्णयाच्या (माल आणण्याआधीच वर्गीकरणावर मिळणाऱ्या अधिकृत निर्णयाच्या) १०,००० रुपयांच्या सरकारी शुल्कापेक्षा बरीच कमी आहे. वर्षभर एकच पदार्थ मोठ्या प्रमाणात आणणाऱ्याने मात्र मुंबईच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडेच अर्ज करावा. कायद्यात निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे आणि तो कस्टम्सवर बंधनकारक असतो; ब्रोकरचं टिपण तसं नसतं. पुरवठादाराने रेसिपी बदलली, व्हिनेगर वाढवलं किंवा चीज काढलं, तर जुनं टिपण कामाचं राहत नाही. अशा फेरतपासणीलाही पेढी पूर्ण फी लावते, ती निम्मी असायला हवी.