रोमसाठी एकच दिवस: व्हॅटिकन की कोलोसियम?

युरोपच्या दहा-बारा दिवसांच्या सहलीत रोमच्या वाट्याला बहुतेकदा एकच दिवस येतो. मग घरात वाद ठरलेला. आईला व्हॅटिकन पाहायचं असतं, पोरांना प्राचीन रोमनांचा आखाडा म्हणजे कोलोसियम, आणि तिकिटं काढणाऱ्याला वाटतं, दोन्ही बसवू की! तो तिकिटं काढणारा मीच होतो. सकाळी 9 ला व्हॅटिकनची म्युझियम, दुपारी 2 ला कोलोसियम. कागदावर झकास दिसत होतं. प्रत्यक्षात दीड वाजता आई बूट काढून फुटपाथच्या कडेला बसली होती, धाकटा भुकेनं रडकुंडीला आला होता आणि कोलोसियम शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती तिकिटं वाया गेली. म्हणून हा आढावा.

आधी खर्च. कोलोसियमचं साधं तिकीट 18 युरो, त्यातच शेजारचा रोमन फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी येते. 18 वर्षांखालच्यांना फुकट, पण त्यांचंही शून्य युरोचं तिकीट काढावं लागतं. तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ हवा. व्हॅटिकनच्या म्युझियमना माणशी 20 युरो आणि ऑनलाइन बुकिंगचे 5 वर. सात वर्षांपासून पुढच्या मुलांनाही सवलतीचं का होईना, तिकीट पडतं. म्हणजे दोन मोठे आणि दोन शाळकरी मुलं असतील तर कोलोसियम बरंच स्वस्त.

पण पैशापेक्षा पायांचा हिशोब महत्त्वाचा. व्हॅटिकनची म्युझियम म्हणजे किलोमीटरभराहून मोठी एकाच दिशेनं सरकणारी रांग समजा. मध्येच कंटाळा आला म्हणून मागे फिरणं अवघड. सगळी गर्दी शेवटी सिस्टिन चॅपेल या प्रार्थनागृहाकडे वाहते. तिथलं छत मायकेलअँजेलोनं 1508 ते 1512 या चार वर्षांत रंगवलं. ते पाहताना अंगावर काटा येतो, खोटं नाही बोलत. फोटो काढायला बंदी आहे, बोलायलाही, आणि तरी कुजबुज वाढत जाते, मग रखवालदार मोठ्यानं दटावतो. भिंतीकडेला बाकं आहेत. रिकामी जागा दिसली की आईला आधी बसवा. माझ्या सात वर्षांच्या मुलानं वर पाहिलं, ‘मान दुखते’ म्हणाला आणि संपलं. त्याला आवडली ती त्याआधीची नकाशांची लांबलचक दालनं आणि इजिप्तची ममी.

कोलोसियम मुलांना समजावून सांगावं लागत नाही. मेट्रोच्या कोलोसेओ स्टेशनातून बाहेर आलं की ते समोरच उभं असतं. इसवी सन 80 मध्ये सम्राट टायटसनं ते लोकांसाठी खुलं केलं. जमिनीखालच्या बोळांतून जनावरांना दोरखंडांच्या पाळण्यांनी वर आखाड्यात आणायचे, हे ऐकल्यावर पोरं तासभर हलत नाहीत. दगडांत जागोजागी खळगे दिसतात. मुलानं विचारलं, ‘गोळ्या लागल्यात का?’ नाही. दगड एकमेकांना जोडणारे लोखंडी आकडे लोकांनी पुढच्या काळात कोरून काढून नेले, त्याच्या त्या खुणा. ऊन मात्र लागतं, आणि आतले जिने उभे आहेत. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी लिफ्ट आहे. फोरममध्ये गुडघ्यांची खरी परीक्षा: उंचसखल जुन्या फरश्या, सावली बेताची, बाबागाडी तर विसराच. वडीलधारी सोबत असतील तर कॅपिटोलाइन टेकडीवरून फोरम वरूनच दाखवा. पैसे पडत नाहीत आणि दृश्यही सुरेख दिसतं.

आता मला उशिरा कळलेली गोष्ट. आपण ‘व्हॅटिकन’ म्हणतो त्यात दोन वेगळ्या जागा असतात. थकवणारी आणि पैसे घेणारी आहेत ती म्युझियम. सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, मात्र फुकट आहे, तिचं दार वेगळं आहे आणि ती सकाळी 7 ला उघडते. म्युझियमच्या दारापासून तिथवर तटबंदीला वळसा घालून चालावं लागतं, शिवाय तपासणीची रांग वेगळी. समोरच्या चौकाभोवती शिल्पकार बर्निनीची 284 खांबांची वळणदार ओळ, आत उजवीकडे काचेमागे मायकेलअँजेलोची ‘पिएता’, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचा पुतळा. कितीतरी घरांना व्हॅटिकन म्हणून एवढंच पाहायचं असतं. वसईच्या आमच्या मित्रांना तर म्युझियममध्ये रसच नव्हता, त्यांना तिथं प्रार्थना करायची होती.

म्हणून आधी घरच्यांना एकच प्रश्न विचारा: ते छत कुणाला मनापासून पाहायचंय? कुणी ठामपणे हो म्हणालं तर दिवस म्युझियमला द्या, सकाळची पहिली वेळ घ्या, कोलोसियम बाहेरून पाहा. कुणीच बोललं नाही तर सातला बॅसिलिका, थोडी विश्रांती, मग अकरा-साडेअकराचं कोलोसियम आणि संध्याकाळी पॅन्थिऑन या जुन्या रोमन मंदिराच्या चौकातून ट्रेव्ही कारंज्यापर्यंत रमतगमत. आता गेलो तर मी हेच करीन.

वार बघून ठरवा. म्युझियम रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार फुकट असतो, पण त्या दिवशीची गर्दी नको रे बाबा. बुधवारी सकाळी पोपची सभा असली की बॅसिलिकेत प्रवेश मिळत नाही. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यातही. ओढणी कामाला येते.

पाणी विकत घेऊ नका, रस्तोरस्ती नळ अखंड वाहत असतात, बाटली भरा. काचेची बाटली मात्र कोलोसियममध्ये नेऊ देत नाहीत. जेवायला वजनावर विकतात तो कापलेला पिझ्झा बरा; उभ्या उभ्या पोट भरतं. शाकाहारी असाल तर एक सांगतो. भोपळ्याच्या फुलांची भजी पाहून आईचा चेहरा खुलला होता, घरच्यासारखीच दिसत होती. रोममध्ये त्यात चीजबरोबर खारवलेला छोटा मासा भरतात. आधी विचारा.